आगीचा रोख : बायबलमधील संदेष्ट्यांची न्यायवाणी

यरुशलेमच्या जुन्या दावीदनगरात १९८२ साली यिगाल शिलो यांच्या उत्खननात एका जळून कोसळलेल्या घराच्या तळाशी मातीचे शिक्के सापडले, पन्नासच्या आसपास. त्या काळी पपायरसची गुंडाळी दोऱ्याने बांधत, गाठीवर ओल्या मातीची गोळी दाबत आणि तिच्यावर आपल्या नावाची मुद्रा उमटवत. इ.स.पू. ५८७-५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने शहर पेटवले, तेव्हा त्या घरातला प्रत्येक दस्तऐवज जळाला आणि त्याच आगीत शिक्क्यांची माती भाजून पक्की झाली. त्यातल्या एका शिक्क्यावर नाव आहे : शाफानाचा मुलगा गमऱ्या.

हा माणूस संदेष्टा यिर्मया याच्या ग्रंथाच्या छत्तिसाव्या अध्यायात भेटतो. थंडीचे दिवस आहेत, यहूदाचा राजा यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीपुढे बसला आहे. यिर्मयाने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहून घेतलेली न्यायवाणी त्याला वाचून दाखवली जात आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि निखाऱ्यांवर टाकतो. असे करू नका म्हणून त्याला विनवणारे तिघेच. त्यांत गमऱ्या एक. राजा ऐकत नाही, गुंडाळीची राख होते. मग यिर्मया बारूखाला पुन्हा लिहायला बसवतो, तेच सगळे सांगतो आणि वर आणखी भर घालतो. पुढे सुमारे सतरा वर्षांनी शहर जळते. शिक्का याच गमऱ्याचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

शेगडीतली ती आग आणि शहराला लागलेली ही आग, यांच्या मधल्या प्रदेशात या पुस्तकाचा विषय आहे. देवाच्या न्यायाबद्दल बोलू लागले की हिब्रू संदेष्टे आगीकडे आणि वादळाकडे वळतात : वणवा, भट्टी, निखारे, गंधक, वीज, गारा, वावटळ, पूर्वेकडून येणारा करपवणारा वारा. पुढे यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांत नरकाची आणि शेवटच्या दिवसाची जी चित्रे रुजली, त्यांच्यामागे ही भाषा उभी आहे. मात्र आमोस, यशया, यिर्मया बोलत होते ते मेल्यानंतरच्या जगाविषयी नव्हे. त्यांच्यासमोर होती वेस असलेली, बाजार असलेली, सावकार आणि कर्जबाजारी असलेली खरीखुरी शहरे. म्हणून त्यांना वाचताना मला एक प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधीचा वाटतो आणि हे सगळे पुस्तक त्याच प्रश्नाभोवती लिहिले आहे : ही आग कोणाच्या घराच्या रोखाने निघाली आहे?

नवख्या वाचकाने आधी त्या भूमीचे हवामान समजून घ्यावे. तिथे उन्हाळ्याच्या महिन्यांत पाऊस जवळजवळ पडतच नाही. डोंगरउतारावरचे गवत आणि काटेरी झुडपे इतकी वाळतात की एक ठिणगी पुरते. ऋतू पालटताना वाळवंटाकडून गरम, धुळीने भरलेला वारा सुटतो आणि कोवळी हिरवळ पाहता पाहता माना टाकते. होशेय आणि यिर्मया या वाऱ्याला नावानिशी ओळखतात. यिर्मयाच्या चौथ्या अध्यायात शत्रू येतो तो अशा वाऱ्यासारखा, जो खळ्यावर उफणणीच्याही कामाचा नाही. भुसाबरोबर दाणेही घेऊन जाईल इतका जोराचा. मग शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरून ढग चढतात, विजा पडतात, गारा पडतात, वर्षभर कोरड्या असलेल्या ओढ्यांतून गळ्याइतका लोंढा धावतो. आणि हेच वादळ दुष्काळ संपवते, पेरणी करू देते. वळिवाची वाट पाहणाऱ्या आणि त्याच वळिवाच्या गारांत द्राक्षबाग गमावणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. न्याय आणि कृपा एकाच ढगातून येतात, हे त्या भूमीतल्या शेतकऱ्याने संदेष्ट्यांच्या आधीपासून पाहिले होते.

दुसरी गोष्ट युद्धाची. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदातले लाखीश जिंकले आणि निनवेच्या आपल्या राजवाड्यात त्या वेढ्याची शिल्पे कोरून घेतली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटावरून पेटते पलिते खाली फेकले जात आहेत आणि वेढ्याच्या यंत्राला आग लागू नये म्हणून एक अश्शुरी सैनिक लांब दांड्याच्या पळीने त्यावर पाणी ओतत आहे. त्याच लाखीशच्या वेशीतल्या एका जळक्या थरात १९३५ साली खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली. ती सन्हेरिबानंतर शतकभराने, बाबेलच्या स्वारीच्या दिवसांतली. एका पत्रात चौकीवरचा माणूस कळवतो की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे डोळे लावून बसलो आहोत, अजेकाचा संकेत आम्हाला दिसत नाही. लाखीश आणि अजेका ही शेवटपर्यंत टिकलेली दोन गावे यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायातही आहेत. ज्या श्रोत्यांपुढे संदेष्टे आगीबद्दल बोलत, त्यांना ती कल्पनेने उभी करावी लागत नव्हती.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे आणि तिच्यावरून गेल्या शतकात बरेच वाद झाले. वादळावर स्वार होणारा देव ही इस्राएलची एकट्याची कल्पना नव्हे. १९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याला नांगरताना जुने थडगे लागले. पुढच्या वर्षी क्लोद शेफर यांनी तिथे उत्खनन सुरू केले आणि उगारीत हे हरवलेले शहर वर आले. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआल दैवताच्या कथा होत्या. बआल मेघांवर स्वार होतो, गडगडाट हा त्याचा आवाज, समुद्राशी त्याचे युद्ध. आपल्याला यात वृत्राला मारून पाणी मोकळे करणारा इंद्र आठवेल, आणि ते चुकीचे नाही. पश्चिम आशियातल्या मितन्नी राज्याच्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या तहनाम्यात इंद्राचे नाव आहेच. उगारीतच्या शोधानंतर स्तोत्रसंहितेतले एकोणतिसावे स्तोत्र मुळात बआलचे असावे, असा तर्क एच. एल. गिन्सबर्ग यांनी १९३० च्या दशकात मांडला. फ्रँक मूर क्रॉस यांनी १९७३ मधल्या आपल्या ग्रंथात ही उसनवारी कशी घडली आणि तिचे पुढे काय झाले याचा सविस्तर आराखडा दिला.

संदेष्टा एलीया याची कथा या उसनवारीचीच कथा आहे. कर्मेल डोंगरावर आगीने उत्तर देणारा देव कोण, याची पैज लागते. पण आधीची तीन वर्षे देश पावसावाचून तडफडतो आहे, म्हणजे खरा वाद पाऊस कोणाचा हा आहे. आग पडते, एलीया जिंकतो, बआलच्या संदेष्ट्यांची कत्तल होते. लगेच पुढच्या अध्यायात तो जीव घेऊन पळत होरेब डोंगरावर पोचतो. तिथे प्रचंड वारा येतो, भूकंप होतो, आग येते, आणि निवेदक तीनही वेळा सांगतो की परमेश्वर यात नव्हता. त्यानंतर ऐकू येते ती अगदी हलकी चाहूल. आगीच्या विजयानंतर लगेच आगीवर घातलेली ही मर्यादा मला संपूर्ण बायबलमधल्या सर्वांत धाडसी जागांपैकी एक वाटते.

साम्राज्यांचीही एक अग्निभाषा होती. अश्शूरचे राजे आपल्या शिलालेखांत वादळदेव अदादसारखे शत्रूवर कोसळल्याच्या बढाया मारत आणि गावे उद्ध्वस्त करून आगीत जाळल्याची यादी देत. पीटर मॅकिनिस्ट यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की यशयाच्या ग्रंथात या राजकीय प्रचाराचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात. यशया ती भाषा उचलतो आणि तिचा मालक बदलतो. अश्शूर हा देवाच्या हातातला केवळ सोटा ठरतो. सोटा स्वतःलाच मोठा समजू लागला की इस्राएलचा प्रकाशच ज्वाला होतो आणि अश्शूरचे अरण्य एका दिवसात जळते. ज्यांच्या हाती सैन्य नव्हते त्यांनी जेत्याची भाषा अशी काढून घेतली.

इथवरचे सगळे शेजाऱ्यांशी ताडून पाहता येते. संदेष्ट्यांचे स्वतःचे जे आहे ते आमोसापासून सुरू होते. तो तकोवाचा मेंढपाळ, रानउंबरांची निगा राखणारा, दक्षिणेकडचा. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यावर, यराबाम दुसरा याच्या भरभराटीच्या राजवटीत तो उत्तरेकडच्या इस्राएलात जाऊन बोलला. त्याच्या ग्रंथाचा आरंभ वाचताना श्रोत्यांचे चेहरे दिसू लागतात. दिमिष्कावर आग, गज्जावर आग, सोरावर, अदोमावर, अम्मोनावर, मवाबावर. एकेका शत्रूचे नाव आणि त्याच्या क्रौर्याचा दाखला येत राहतो आणि ऐकणाऱ्यांना बरे वाटत राहते. सातवे नाव यहूदाचे, म्हणजे भाऊबंदाचे. नावांचा घेरा आवळत येतो आणि आठव्या वेळी आमोस ऐकणाऱ्यांचेच नाव घेतो. त्यांचा गुन्हा युद्धातला नाही. त्यांनी गरिबाला जोड्याच्या किमतीत विकले, गहाण घेतलेल्या वस्त्रांवर ते देवळात आडवे झाले. परमेश्वराच्या दिवसाची ते आतुरतेने वाट पाहत होते, कारण त्या दिवशी शत्रू जळतील असा त्यांचा हिशेब होता. आमोस त्यांना सांगतो की तो दिवस तुम्हाला अंधाराचा आहे.

आणि तरी या आगीत त्याला आनंद नाही. सातव्या अध्यायात त्याला दृष्टांत होतो : आग महासागराला गिळून आता शेतजमिनीला लागली आहे. तो ओरडतो, थांबव, याकोब केवढासा आहे, तो कसा टिकेल? आणि देव थांबतो. ज्याच्या तोंडून आगीची घोषणा झाली तोच तिच्या आड येऊन उभा राहतो. यिर्मयाच्या बाबतीत तर आग आधी त्याच्या हाडांत कोंडलेली आहे, ती दाबून धरताना तो थकून जातो. यशयाच्या ओठांना निखारा लागल्याशिवाय त्याला बोलायला पाठवले जात नाही. माझ्या मते खऱ्या न्यायवाणीची ओळख इथे पटते : बोलणारा स्वतः भाजलेला असतो.

या प्रतिमांचे एक दुसरे अंग म्हणजे माणसाने स्वतः लावलेली आग. यशयाच्या ग्रंथात दुष्टपणाच वणव्यासारखा पेटतो, बलवान माणूस तागाचा पुंजका होतो आणि त्याचे कर्म ठिणगी. क्लाउस कोख यांनी १९५५ मध्ये एक गाजलेला निबंध लिहून विचारले की जुन्या करारात देव बाहेरून शिक्षा देतो असे खरेच म्हणता येईल का. कृत्याच्या पोटातच त्याचे फळ वाढत असते आणि देव ते पूर्णत्वाला नेतो, एवढेच तिथे नाही का? कर्मविचारात वाढलेल्या आपल्या वाचकाला ही मांडणी लगेच जवळची वाटेल. मात्र कोख सांगतात तो परिणाम याच जन्मात आणि मुख्यतः समूहावर होतो, हा फरक विसरू नये. पॅट्रिक मिलर यांनी १९८२ मध्ये या मताला मुरड घातली. गुन्हा आणि शिक्षा यांच्यातले साम्य हे कवीने जाणीवपूर्वक घडवलेले असते, असे त्यांनी अनेक उताऱ्यांवरून दाखवले. मला मिलर अधिक पटतात.

भट्टीच्या प्रतिमेत संदेष्ट्यांचा आपसांतला मतभेदही दिसतो. मलाखीचा देव धातू गाळणाऱ्यासारखा मुशीपाशी बसून राहतो, चांदी शुद्ध होईपर्यंत. यिर्मयाच्या सहाव्या अध्यायात भाता फुंकून फुंकून होतो आणि हीण काही वेगळे होत नाही. यहेज्केल त्याहून कठोर : यरुशलेमच्या मुशीत टाकलेले सगळेच हीण आहे. आगीतून काही चांगले निघते का, या प्रश्नाला बायबलचे एकच उत्तर नाही.

नहूमाचा ग्रंथ मी टाळलेला नाही. त्यात सगळे वादळ निनवेवर जाते, स्वतःच्या लोकांकडे बोट वळत नाही. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडले तेव्हा अश्शूरने चिरडलेल्या असंख्य गावांना जे वाटले असेल ते त्यात आहे, आणि चिरडलेल्यांना तो अधिकार आहे. तीच कविता सत्ताधाऱ्याच्या तोंडी गेली की भयंकर होते. कदाचित म्हणूनच संहितेत नहूमाबरोबर योनाचा ग्रंथही आहे. त्याच निनवेला क्षमा होते. वादळ येते ते योनाच्या जहाजावर आणि पूर्वेचा झळांचा वारा सुटतो तो योनाच्याच डोक्यावर.

या भाषेच्या वाचनाचा इतिहासही मोठा आहे. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिगेनने ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याला उत्तर दिले. सेल्ससने थट्टा केली होती की ख्रिस्त्यांचा देव स्वयंपाक्यासारखा आग घेऊन येणार. ओरिगेनचे म्हणणे, ही आग शुद्ध करणारी आहे. बाराव्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदिसने स्पष्ट लिहिले की तारे गळणे, आकाश गुंडाळले जाणे ही संदेष्ट्यांची बोलण्याची रीत असून तिचा अर्थ एखाद्या राज्याचा पाडाव एवढाच आहे. त्याचे हे वाचन आजही ताजे वाटते. मध्ययुगीन युरोपात सफन्याच्या वाणीतून ‘दिएस इरे’ हे लॅटिन स्तोत्र उभे राहिले. एका शहराला उद्देशून आलेली धमकी तिथे एकट्या आत्म्याच्या भीतीत उतरली. त्याआधीच दानीएलाच्या ग्रंथापासून आग इतिहासाच्या शेवटाकडे सरकू लागली होती. त्या वळणाबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे, मी त्यात फार शिरलो नाही.

आधुनिक अभ्यासाची सुरुवात ऑक्सफर्डमध्ये झाली. रॉबर्ट लोथ यांची हिब्रू काव्यावरची लॅटिन व्याख्याने १७५३ मध्ये छापली गेली आणि संदेष्टे हे कवी आहेत ही गोष्ट युरोपला पटू लागली. पुढे जर्मनीत हेर्डरने तोच धागा धरला. हर्मान गुंकेल यांनी १८९५ मध्ये बाबेलच्या पुराणकथांशी तुलना सुरू केली. ‘परमेश्वराचा दिवस’ कुठून आला यावर मोविंकेल आणि फॉन राड यांच्यात सरळ दोन तट पडले : एक म्हणतो देवाच्या राज्यारोहणाच्या उत्सवातून, दुसरा म्हणतो जुन्या धर्मयुद्धांच्या आठवणीतून. ओथमार केल यांनी १९७२ पासून ग्रंथांच्या शेजारी शिल्पे आणि मुद्रा ठेवून वाचायला शिकवले. लाखीशच्या शिल्पांकडे मी त्यांच्यामुळे नीट पाहू लागलो. अलीकडे कॅथलीन ओ’कॉनर यांच्यासारख्या अभ्यासकांनी यिर्मयाची भाषा ही उद्ध्वस्त झालेल्या माणसांनी आपल्या दुःखाला आकार देण्याची धडपड म्हणून वाचली आहे.

या सर्वांत मला सर्वाधिक देणारे पुस्तक अब्राहम जोशुआ हेशेल यांचे. बर्लिनमध्ये तरुणपणी त्यांनी संदेष्ट्यांवर प्रबंध लिहिला, नाझींमुळे युरोप सोडला, आई आणि बहिणी तिथेच मारल्या गेल्या. १९६२ मध्ये त्या प्रबंधाचे वाढवलेले इंग्रजी रूप आले. देवाचा क्रोध म्हणजे त्याला माणसाची पर्वा असणे, अन्यायाकडे थंडपणे न पाहणे, हा त्यांचा मुख्य विचार. १९६५ मध्ये सेल्मा येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चालणारा हा माणूस आमोस जगत होता.

मराठीला हा विषय परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात जुन्या कराराच्या कथा ओवीत आल्या. दुष्काळात आई-वडील गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि कोकणातला बेने इस्राएल समाज एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलीयालाच, मलिदा अर्पण करतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या कथेत अग्निरथ आणि वावटळ कोणाला जाळत नाहीत, संदेष्ट्याला वर घेऊन जातात.

हे सगळे आज का वाचायचे? कारण भूकंप झाला, लाट आली, साथ पसरली की ही देवाची शिक्षा म्हणणारे आजही असतात आणि बहुतेक वेळा शिक्षा दुसऱ्याला झालेली असते. १७५५ मध्ये सर्वसंतांच्या सणादिवशी लिस्बन कोसळले तेव्हाही तेच झाले. आपल्याकडचे उदाहरण मात्र वेगळे आणि जास्त अवघड आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. त्यांचा रोख आमोसाप्रमाणे आतल्या बाजूला, स्वतःच्याच समाजावर होता. तरीही रवींद्रनाथांनी जाहीर निषेध केला : भौतिक घटनांना नैतिक कारण जोडणे अविवेकी आहे. गांधीजींनी तो निषेध ‘हरिजन’मध्ये छापला आणि खाली आपले उत्तर दिले. मी हा वाद अनेकदा वाचला आहे. गांधीजींच्या पश्चात्तापाच्या हाकेचे मोल मला कळते, पण ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत अस्पृश्यही होते, लहान मुलेही होती. रोख आत वळला म्हणून प्रश्न सुटत नाही. जळालेल्या यरुशलेमचे विलापगीत हेच विचारते : रस्त्यावर भुकेने कोसळणाऱ्या तान्ह्या मुलांनी काय केले होते?

त्यामुळे या पुस्तकात मी भविष्यकथन म्हणून संदेष्टे वाचलेले नाहीत. कोणत्या प्रतिमेत कोणते आजचे राष्ट्र दडले आहे हे शोधणाऱ्याची इथे निराशा होईल. देवाच्या क्रोधाचे समर्थन करणे किंवा तो पुसून टाकणे यापैकी काहीही मी योजलेले नाही. प्रत्येक उतारा बोलला गेला तेव्हा बोलणारा कोण होता, ऐकणारे कोण होते, हवा कशी होती, सैन्य किती जवळ होते आणि आगीचे तोंड कुणीकडे होते, एवढे धरून मी वाचत गेलो. हिब्रू येत नसलेल्या, चर्चशी किंवा सिनेगॉगशी संबंध नसलेल्या मराठी वाचकाला हे वाचता यावे अशी काळजी घेतली आहे. बायबलची प्रत मात्र जवळ ठेवावी, कारण उतारे मी इथे पूर्ण दिलेले नाहीत.

पुस्तकाची शेवटची प्रकरणे ईयोबावर आहेत. तो संदेष्टा नाही, पण संदेष्ट्यांची सगळी अग्निभाषा त्याच्या घरावर येऊन पडते. आकाशातून देवाची आग येते आणि मेंढरे, राखणदार जाळून जाते. रानातून मोठा वारा येतो आणि घराचे चारही कोपरे हलवून मुलांना ठार करतो. आणि ग्रंथाने पहिल्याच ओळीत सांगून टाकले आहे की हा माणूस निर्दोष आहे. मित्र येतात, संदेष्ट्यांकडून शिकलेली वाक्ये बोलतात. मुलांनी पाप केले असेल, असेही एक जण म्हणतो. शेवटी परमेश्वर वादळातूनच उत्तर देतो, आणि त्या दीर्घ उत्तरात ईयोबाचा कोणताही गुन्हा निघत नाही. राग निघतो तो मित्रांवर, माझ्याविषयी तुम्ही खरे बोलला नाहीत म्हणून. अशा विषयाच्या पुस्तकाचा शेवट सहसा प्रकटीकरणाच्या ग्रंथाने करतात. मी तो ईयोबाने केला आहे तो यासाठी.